पाखाडीवरचे दिवे: कमी व्होल्टेजच्या बागदिव्यांचे एक प्रकरण

पार्श्वभूमी

रत्नागिरी जिल्ह्यात किनाऱ्यापासून अर्ध्या किलोमीटरवरचं हे कौलारू घर. पुढे पडवी, तिच्यापुढे खळं, आणि खळ्यातून जांभ्या दगडाची पाखाडी, म्हणजे पायऱ्यांची वाट, नारळी-पोफळीच्या वाडीतून खालच्या फाटकापर्यंत उतरते. मालक निवृत्तीनंतर गावी येऊन राहिलेले. चार खोल्या पर्यटकांसाठी काढलेल्या. मुलगा डोंबिवलीला. गाव आणि माणसं ओळखू येतील असे तपशील इथे गाळले आहेत.

पाहुणे समुद्रावरून अंधार पडल्यावर परततात आणि पाखाडीच्या दोन्ही बाजूंना पाचोळा असतो. फुरसं आणि घोणस दोन्ही या भागात सर्रास दिसतात, त्यामुळे उजेड डोक्यावर नव्हे, पायाशी हवा होता. मालकांची मागणी अगदी रास्त होती.

पहिली सोय गावातल्या वायरमनने केली होती. पंपाच्या खोपीतून २३० व्होल्टची दोन तारांची लाइन, वीतभर खोल पुरलेल्या पातळ पीव्हीसी पाइपातून, पाच लोखंडी खांबांपर्यंत. प्रत्येक खांबाच्या बुडाशी तारा पिळून काळी टेप गुंडाळलेला जोड. अर्थिंगची तिसरी तार नव्हतीच. एक पावसाळा गेला. नोव्हेंबरात शिंपण सुरू झालं, तेव्हा आळ्यांत पाणी सोडणाऱ्या बाईने सांगितलं की दिवे लागलेले असताना खांबाला हात लागला की मुंग्या येतात. दिवे बंद झाले. मग मुलाने ऑनलाइन ‘बारा व्होल्टचे’ वीस बागदिवे आणि दोन ‘ट्रान्सफॉर्मर’ मागवून पाठवले, कारण बारा व्होल्टचा झटका बसत नाही हे त्याने कुठेतरी वाचलं होतं.

हे वाचलेलं खरंच आहे. फक्त त्यामागच्या अटी कुणी वाचत नाही.

अडचण काय होती

मला बोलावलं ते नवे दिवे मिचमिचतात म्हणून. मुंग्यांचा विषय निघाला तो चहाच्या वेळी, तोही काकूंकडून. काकांच्या लेखी ती जुनी, संपलेली गोष्ट होती.

तो फेब्रुवारी महिना होता. आधी मुख्य बोर्ड पाहिला. मेन स्विच, प्रत्येक लाइनला एमसीबी, म्हणजे जादा प्रवाहाला पडणारा खटका, पण आरसीसीबी, म्हणजे गळतीला पडणारा खटका, ज्याला बरेच लोक अजून ईएलसीबी म्हणतात, तो नाही. अंगणातल्या अर्थिंगच्या खड्ड्यावर अर्थ टेस्टर लावला तर ७० ओहम आले. कातळावर मीठ-कोळशाचा खड्डा असाच वागतो. पावसात बरा, शिमग्यापर्यंत कोरडा ठणठणीत. आता हिशेब करा. एखाद्या उपकरणाचा फेज थेट अर्थिंगला चिकटला, तरी २३० भागिले ७० म्हणजे जेमतेम ३.३ अँपिअर वाहणार. १६ अँपिअरच्या एमसीबीला त्याचा पत्ताही लागत नाही. ज्या घरात अर्थिंग इतकं कच्चं आहे, तिथे ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी हाच खरा आधार असतो, कारण तो अर्थिंग किती चांगलं याच्यापेक्षा गेलेला प्रवाह परत आला का, एवढंच बघतो.

बागेच्या जुन्या लाइनचा स्विच न्यूट्रलवर बसवलेला होता. म्हणजे ‘बंद’ केल्यावरही खांबापर्यंत फेज पोचलेलाच. नोव्हेंबरपासून त्या लाइनला कुणी हात लावला नव्हता, कारण ती बंद आहे अशी सगळ्यांची समजूत होती.

त्यानंतर ट्रान्सफॉर्मर. मुलाने पाठवलेला साबणाच्या वडीएवढा पांढरा डबा म्हणजे हॅलोजनसाठीचा इलेक्ट्रॉनिक ट्रान्सफॉर्मर निघाला. लेबलवर लिहिलंच होतं: १२ व्होल्ट एसी, २० ते ६० वॅट. यातला ‘२०’ फार महत्त्वाचा. त्याहून कमी लोड असेल तर तो धड चालू राहत नाही, आणि वायरमनने चाचणीसाठी पाच दिवे लावले होते, प्रत्येकी ३ वॅट. मिचमिचणारच. शिवाय अशा डब्यातून बाहेर पडणारा एसी ५० हर्ट्झचा नसतो, हजारो हर्ट्झचा असतो; त्याची १२ व्होल्टची तार साधारण दोन मीटरच्या आत ठेवायची असते. इथे ती चाळीस मीटर पळवली होती. साधा मल्टिमीटर त्या तारेवर काहीही आकडा दाखवतो आणि माणूस फसतो.

वायरमन स्वस्थ बसणारा नव्हता. त्याने एका बाद झालेल्या इन्व्हर्टरमधला ट्रान्सफॉर्मर काढून आणला होता, चांगला सहा-सात किलोचा. “ह्याच्यावर पन्नास दिवे लागतील, साहेब.” लागले असते. तोच तर धोका. मी त्याच्या २३० व्होल्टच्या आणि १२ व्होल्टच्या गुंडाळीमध्ये ५०० व्होल्टचा मेगर, म्हणजे इन्सुलेशन तपासायचा मीटर, मारला. धड ट्रान्सफॉर्मर शेकडो मेगाओहम दाखवतो, इथे काटा ०.४ च्या आसपास रेंगाळला. दोन गुंडाळ्यांमधलं इन्सुलेशन ओल आणि वयाने खलास झालं होतं. उद्या ते फुटलं असतं, तर वाडीभर पसरलेल्या उघड्यावाघड्या तारांवर २३० व्होल्ट आले असते, आणि तेही अशा दिव्यांवर ज्यांना ‘झटका बसत नाही’ म्हणून पोरंसुद्धा हात लावणार.

दुसरी बाजू आगीची. ८०० व्हीएचा ट्रान्सफॉर्मर १२ व्होल्टला ६० अँपिअरच्या वर देऊ शकतो. त्याच्यापुढे फ्यूज नव्हता आणि तार होती पाऊण एमएमची, म्हणजे पाऊण चौरस मिलिमीटर तांब्याची. अशी तार शॉर्ट झाली की इस्त्रीच्या कॉइलसारखी तापते, आणि इथे ती पाचोळ्याखालून आणि पडवीच्या लाकडी वाशावरून गेलेली. व्होल्टेज कमी म्हणजे धोका कमी, हे माणसाच्या अंगापुरतं खरं. तारेच्या बाबतीत उलट आहे; तेवढ्याच वॅटला व्होल्टेज निम्मं केलं की प्रवाह दुप्पट होतो.

म्हणजे प्रश्न दोन होते. २३० व्होल्ट आणि कमी व्होल्ट यांच्यातली हद्द पक्की आहे का, आणि कमी व्होल्टच्या बाजूला प्रवाहाला लगाम आहे का. दिवे मिचमिचणं हे त्यांच्यापुढे काहीच नव्हतं.

कोणते पर्याय तोलले

२३० व्होल्टचीच लाइन नीट करणं हा पर्याय पहिला, आणि तो चुकीचा नाही. आर्मर्ड केबल, अर्थिंगची तार, आरसीसीबी, पाणी न शिरणारे दिवे. शहरांतल्या बागांत हेच असतं. पण अशी केबल पाऊण मीटर खोल जायला हवी, आणि इथे दोन वितींखाली जांभा लागतो. वरून रोज अनवाणी कामगार, हातात कुदळ, भोवती ओली आळी. मी नको म्हटलं.

सौर दिव्यांचं नाव मुलाने काढलं. जून ते सप्टेंबर ढग आणि उरलेले महिने माडांची सावली. तो विषय तिथेच मिटला.

राहिले दोन. १२ व्होल्ट एसीचा, तारेच्या गुंडाळीचा खरा सेफ्टी आयसोलेटिंग ट्रान्सफॉर्मर, किंवा २४ व्होल्ट डीसीचा आयसोलेटेड ड्रायव्हर, म्हणजे एलईडीला वीज पुरवणारा डबा. आयसोलेटेड म्हणजे २३० ची बाजू आणि कमी व्होल्टची बाजू आतून पूर्ण वेगळी. इथे थोडा वेळ घालवला, कारण दोन्ही सुरक्षित आहेत आणि निवड अंतरावर ठरते.

पाखाडीवर ३ वॅटचे १४ दिवे, म्हणजे ४२ वॅट. घरापासून शेवटच्या दिव्यापर्यंत केबल ४५ मीटर. दीड एमएमच्या तांब्याच्या तारेला जाऊन-येऊन सुमारे १.०५ ओहम रोध होतो. १२ व्होल्टला प्रवाह ३.५ अँपिअर, सगळा लोड टोकाला असता तर ३.७ व्होल्ट वाटेतच गेले असते. दिवे वाटेवर विखुरलेले असल्याने त्याच्या निम्मे धरू, तरी शेवटच्या दिव्याला १० व्होल्टच्या आसपास पोचणार. वायरमनने आधी ओढलेल्या पाऊण एमएममध्ये ही घट याच्या दुप्पट होती, फाटकापाशी उजेड का पडत नव्हता ते इथे कळतं. २४ व्होल्टला प्रवाह १.७५ अँपिअर, आणि तार अडीच एमएमची घेतली की तोच हिशेब अर्ध्या व्होल्टवर येतो.

२४ व्होल्ट १२ पेक्षा धोक्याचे नाहीत का, असं काकांनी विचारलं आणि प्रश्न योग्य होता. ओल्या जागी उघड्या भागाला हात लागला तरी चालेल, अशी मान्य मर्यादा एसीला १२ व्होल्ट आणि डीसीला ३० व्होल्ट आहे. त्यामुळे २४ व्होल्ट डीसी त्या मर्यादेत बसतं, २४ व्होल्ट एसी बसत नाही. दुकानात दोन्ही ‘२४ व्होल्ट’ म्हणूनच मिळतात.

डीसी ठरलं. पण मुलाने पाठवलेल्या वीसपैकी १४ दिव्यांवर ‘१२ ते २४ व्होल्ट’ असं होतं आणि पायरीत बसवायच्या सहांवर फक्त ‘१२’. वायरमनने लगेच तोड सुचवली: दोन-दोन सिरीजमध्ये लावू, बारा अधिक बारा चोवीस. जुन्या फिलामेंटच्या बल्बना हे चालायचं. एलईडीच्या दिव्यात आत स्वतःचं सर्किट असतं, दोन दिवे व्होल्टेज समान वाटून घेतीलच याची खात्री नसते. एकाला सोळा मिळाले की तो आधी जातो, मग दुसरा. ते सहा दिवे खळ्याच्या पायऱ्यांना, घराच्या अगदी लगत, ३० वॅटच्या वेगळ्या १२ व्होल्ट ड्रायव्हरवर टाकले. तिथे अंतर सहा मीटर, घट नगण्य. माडांवर खालून उजेड टाकायला ७ वॅटचे चार दिवे मात्र २४ व्होल्टचेच नवे घेतले.

निर्णयाच्या जागा

ड्रायव्हर खरंच आयसोलेटेड आहे हे कसं ठरवायचं? बाजारात ‘एलईडी ड्रायव्हर’ नावाने असे डबे मिळतात ज्यांच्या आत २३० आणि बाहेरच्या तारा यांच्यात वेगळेपणाच नसतो. बंद छताच्या दिव्यात ते खपून जातात, बागेत नाही. ऑटो ट्रान्सफॉर्मरचंही तेच, एकच गुंडाळी आणि मधून काढलेली तार. आम्ही लेबलवर ‘एसईएलव्ही’ (मेनपासून वेगळं केलेलं, अंगाला सुरक्षित कमी व्होल्टेज) हा शिक्का, आयएस १५८८५ (भाग २, विभाग १३) या मानकाखालचा बीआयएसचा, म्हणजे भारतीय मानक ब्युरोचा, नोंदणी क्रमांक आणि आयपी६७ हा धूळ-पाणी आत न शिरण्याचा दर्जा, हे तिन्ही पाहूनच घेतलं. तारेच्या गुंडाळीचा ट्रान्सफॉर्मर घेतला असता, तर एकमेकांत अडकलेल्या दोन वर्तुळांचं चिन्ह ढालीच्या आत आहे का ते पाहिलं असतं. लोड ७० वॅट होता, ड्रायव्हर १०० वॅटचा घेतला. मे महिन्यात पडवीतही चांगलंच तापतं. काठोकाठ भरलेला ड्रायव्हर तिथे फार टिकत नाही.

जागा. काकांना तो पंपाच्या खोपीत हवा होता, म्हणजे पडवीची शोभा जात नाही. खोपीत पाण्याचे तुषार, खारी हवा, आणि स्टार्टरमध्ये शिरून जळणाऱ्या पाली. मी खोपीचा दरवाजा उघडून आतली गंजलेली पेटी दाखवली. पडवीच्या आतल्या भिंतीवर, जमिनीपासून छातीभर उंच, वळचणीच्या पाण्यापासून दूर जागा ठरली. पेटी आयपी६५, सगळ्या केबल खालून ग्लँडमधून, म्हणजे केबलभोवती घट्ट आवळणाऱ्या बुचातून, आत, आणि प्रत्येक केबलला शिरण्याआधी खाली एक झोळ, म्हणजे केबलवरून ओघळणारं पाणी तिथून टपकून जातं.

पेटीच्या आत २३० व्होल्टचे टर्मिनल एका बाजूला, २४ चे दुसऱ्या, मध्ये प्लास्टिकची आडभिंत. दोन्ही एका पाइपात कधीच नाहीत. हद्द पक्की ठेवायची म्हणजे नुसता ड्रायव्हर चांगला घेऊन भागत नाही. पुढे कुठेही ती तार त्या तारेला भेटता कामा नये.

अर्थिंगवर वाद झाला. “मायनस अर्थला मारू का? अजून सेफ होईल,” वायरमन म्हणाला. पुष्कळ जाणती माणसंही असंच म्हणतील. पण या घराचं अर्थिंग ७० ओहमचं. पंपात फेज गळला की अर्थिंगची तार स्वतःच शंभर-दीडशे व्होल्टवर चढू शकते. मायनस तिला बांधला, तर तो व्होल्टेज पाखाडीवरच्या प्रत्येक दिव्यापर्यंत आपणच नेऊन पोचवला. म्हणून २४ व्होल्टची कुठलीही तार अर्थला नाही. अर्थिंग फक्त २३० च्या बाजूला, जिथे धातूचं अंग आहे तिथे.

लगाम. आरसीसीबी ड्रायव्हरच्या पलीकडचं काही पाहत नाही. २४ व्होल्टच्या बाजूची गळती त्याच्या लेखी अस्तित्वातच नसते. ड्रायव्हरला आतून संरक्षण असतं, पण ते एकूण १०० वॅटच्या वर गेल्यावर जागं होतं. एखाद्या ओल्या जोडात एक अँपिअर नुसता तापत राहिला तर ड्रायव्हरला ते दिवेच वाटतात. पाखाडी आणि माड अशा दोन शाखा केल्या आणि प्रत्येकीला ३ अँपिअरचा फ्यूज दिला. गाडीत वापरतात तोच पात्याचा फ्यूज, ३२ व्होल्ट डीसीपर्यंत चालतो, आणि तालुक्याच्या गावी कुठल्याही गॅरेजच्या शेजारी मिळतो. बदली मिळत नाही असा भाग बसवला, की सहा महिन्यांत तिथे तांब्याची तार गुंडाळलेली दिसते.

काम कसं केलं

२३० व्होल्टची बाजू परवानाधारक वायरमननेच करायची हे आधी स्पष्ट केलं. आमच्या सुदैवाने याच वायरमनकडे परवाना होता; हात चांगला होता, सवयी जुन्या.

मेन बंद, खटक्यावर कागद चिकटवला, किल्ली काकांच्या खिशात. नुसत्या टेस्टरवर विसंबलो नाही. फेज-न्यूट्रल, फेज-अर्थ, न्यूट्रल-अर्थ तिन्ही जोड्या मीटरने शून्य पाहिल्या, आणि त्याआधी तोच मीटर चालू सॉकेटवर चालतो का तेही. मग जुन्या बागलाइनची दोन्ही टोकं कापून खोपीतून काढूनच टाकली. नुसती स्विचवर बंद ठेवलेली लाइन पुढेमागे कुणीतरी पुन्हा जोडतं.

बागेसाठी वेगळा दोन पोलचा आरसीबीओ, म्हणजे आरसीसीबी आणि एमसीबी एकाच खटक्यात, घेतला, ६ अँपिअर, ३० मिलिअँपिअर. त्यातून टायमर, टायमरमधून दोन्ही ड्रायव्हर. टायमर २३० च्या बाजूला, आणि तो फेज तोडतो याची खात्री करून.

केबलच्या पाइपावरून एक छोटी गोष्ट. वायरमनकडे वाडीच्या पाण्याच्या कामातून उरलेला काळा पाइप होता, चांगला जाड, फुकट. नाकारला. वाडीत काळा पाइप म्हणजे पाणी. उद्या कुणीही ठिबकची नळी जोडायला त्याला भोक पाडेल. नारिंगी दुपदरी पाइप आणला, माती होती तिथे फूटभर खोल, कातळ होता तिथे चर मारून वर जांभ्याच्या चिपा.

जोडांवर सगळ्यात जास्त वेळ गेला. टेप पूर्ण बंद. तांब्याची फेरूल, म्हणजे छोटी नळी, दाबून जोड, त्यावर आतून गोंद असलेली उष्णतेने आवळणारी नळी. ती गरम केली की दोन्ही टोकांना गोंदाची कडा बाहेर डोकावते. ती कडा सगळीकडून दिसली तरच जोड पास. वायरमनने पहिले दोन लायटरने केले, एका बाजूने करपले, एका बाजूला गोंद वितळलाच नाही. हॉट एअर गन आणल्यावर मात्र त्याचे जोड माझ्यापेक्षा सरस झाले. सगळे जोड दिव्याच्या शेजारी, जमिनीच्या वर, छोट्या डबीत. पुरलेला एकही नाही.

चर बुजवण्याआधी आणि बुजवल्यावर २५० व्होल्टचा मेगर मारला, दिवे आणि ड्रायव्हर सोडवून ठेवून. ते सोडवायचे विसरलं तर मेगरच दिवे मारतो. दोन्ही वेळा २० मेगाओहमच्या वर. अशा सर्किटला अर्धा मेगाओहम पुरतो, पण नव्या केबलला एवढ्यावर समाधान मानायचं नसतं. दिवे लावल्यावर ड्रायव्हरपाशी २४.० आणि फाटकाजवळच्या दिव्यावर २३.४ व्होल्ट.

निकाल

खरा त्रास दिव्यांनी नाही, आरसीसीबीने दिला. घराच्या मेनवरही एक बसवला होता, आणि तो दुसऱ्याच दिवसापासून शिंपणाच्या वेळी पडू लागला. तिसऱ्या दिवशी काकांचा फोन: “अहो, तो तुमचा खटका काढून टाका, झाडं वाळायला लागली.” हा या प्रकरणातला सगळ्यात नाजूक क्षण, कारण बहुतेक घरांत आरसीसीबीचं आयुष्य इथेच संपतं. वायरमन एक तुकडा घालून तो बायपास करू शकला असता, पाच मिनिटांचं काम. त्याने केलं नाही, मला फोन लावला. त्या एका फोनला मी या सगळ्या कामात सर्वात जास्त मानतो. पंपाची केबल मेगरवर तपासली. विहिरीच्या कठड्यावर घासून तिची साल गेली होती आणि ती कित्येक महिने गळत असावी. केबल बदलली, पंपाला स्वतंत्र आरसीबीओ दिला, पडणं थांबलं.

पावसाळ्यात पाखाडीवरचा एक दिवा गेला. वरून सगळं सीलबंद, आत पाणी. दिव्याच्या कंपनीने दिलेल्या तारेच्या टोकाशी, आमच्या जोडाच्या आधी, साल चिरली होती. बारीक तारांच्या मधून पाणी आपोआप वर चढत दिव्यात पोचलं. बाकीचे तेरा चालू राहिले, फ्यूज गेला नाही, कुणाला काही जाणवलं नाही.

मग दिवाळी. आकाशकंदील फाटकापाशी लावायचा, आणि तिथे वीज नाही. पुतण्याने आणि वायरमनच्या पोराने मिळून ठरवलं की नारिंगी पाइपात जागा आहे, त्यातूनच २३० ची तार ओढू. काकूंनी पेटीच्या झाकणावरची मराठीतली सूचना वाचून दाखवली: या पाइपात २३० व्होल्ट घालू नये. ते पाइपावरच अडले, कंदिलाचा प्रश्न उरलाच. ट्रकचा दिवा २४ व्होल्टचा असतो. हायवेवरच्या स्पेअर पार्टच्या दुकानातून ३ वॅटचा एलईडी आणला, होल्डर जोडला, पाखाडीच्या शाखेवरच कंदील लागला.

वेगळं काय करता आलं असतं

दिवे आधी आणि विजेचा विचार नंतर, या उलट्या क्रमाने खर्च वाढला. सहा दिव्यांसाठी दुसरा ड्रायव्हर घ्यावा लागला तो केवळ त्यामुळे. आधी अंतर मोजून २४ ठरवलं असतं तर सगळे दिवे एकाच पेटीवर बसले असते.

फाटकापर्यंत चर खणलाच होता, तेव्हा शेजारी एक रिकामा पाइप टाकून ठेवायला हवा होता. कंदील काय, उद्या फाटकावर कॅमेरा आला तरी पुन्हा खणणं आलं. पाइपाचा खर्च खणण्याच्या मजुरीपुढे किरकोळ असतो.

जुन्या लाइनची टोकं काढली, पण पुरलेली तार तशीच जमिनीत राहिली. मे महिन्यात पोफळीचं रोप लावताना कुदळ तिच्यावर बसली. तार मेलेली होती, तरी कामगार तासभर वाडीत पाय ठेवायला तयार नव्हता, आणि त्याचं चूक नव्हतं. बघून कळत नाही. काम चालू असतानाच ती ओढून काढणं किंवा निदान तिचा नकाशा पेटीत ठेवणं शक्य होतं.

दिव्यांसोबत आलेल्या तारा ही कच्ची कडी आहे. पुढच्या वेळी प्रत्येक दिव्याची तार जोडण्याआधी नखाने चाचपून बघायची, आणि डबीत जाताना तिलाही झोळ द्यायचा.

विजा कडाडण्याचा हंगाम या भागात मे-जून आणि पुन्हा ऑक्टोबर. मुख्य बोर्डात सर्ज अरेस्टर, म्हणजे विजेमुळे लाइनवर येणारा उसळता व्होल्टेज रोखणारं साधन, बसवायचं अंदाजपत्रकात होतं, खर्च आवरताना ते गळालं. दोन हंगाम ड्रायव्हर वाचला आहे. तोपर्यंत १०० वॅटचा एक सुटा ड्रायव्हर पडवीतल्या कपाटात ठेवला आहे.

अर्थिंगला दुसरा खड्डा आळ्याच्या कडेला, जिथे शिंपणाचं पाणी पोचतं तिथे मारला. दोन्ही जोडून पुढच्या फेब्रुवारीत २८ ओहम आले. अजून चांगलं होऊ शकतं. आरसीसीबीचं टेस्ट बटण काकू वीजबिल येतं त्या दिवशी दाबतात. पंपाची खोप मात्र जशी होती तशीच आहे. गंजलेली पेटी बदलायचं काकांनी आंब्याचा हंगाम संपल्यावर बघू म्हणून पुढे ढकललं आहे.